अध्यक्षांचा तळवा

आमच्या ह्यांनी आजवर दोन हजार लोकांचे तळवे पाहिले आहेत. हा आकडा माझा नाही, मंडळाच्या अहवालातला आहे, आणि अहवाल हेच लिहितात. मधुमेह जागृती मंडळाचे सलग नऊ वर्षं अध्यक्ष, 'गोड आजाराशी कडू झुंज' या व्याख्यानाचे एकशे चाळीस प्रयोग, आणि तीन वर्षांपूर्वी मिळालेलं 'आदर्श मधुमेही' असं मानपत्र. मानपत्र देणाऱ्या समितीचे प्रमुखही हेच होते. पण मतदानाच्या वेळी आपण खोलीबाहेर जाऊन उभे राहिलो होतो, असं ते सांगतात, त्यामुळे सगळं रीतसर झालं म्हणायचं.

व्याख्यानातला सगळ्यात गाजलेला भाग तळव्याचा. हे श्रोत्यांतल्या एकाला मंचावर बोलावतात, बूटमोजे काढायला लावतात, डोळे मिटायला सांगतात आणि नायलॉनच्या बारीक तंतूनं तळव्याला दहा ठिकाणी टोचून दर वेळी विचारतात, "लागलं?" ज्याला लागत नाही, त्याच्या पायातल्या नसा साखरेनं बधिर झाल्या असं समजायचं. मग हे श्रोत्यांकडे वळतात, आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "मंडळी, दुखणं हा आपला पहारेकरी आहे. तो झोपला की घर लुटलं जातं." इथे टाळ्या. मग नियम येतात. रोज आरशात तळवे पाहा. घरातसुद्धा अनवाणी फिरू नका. बूट घालण्याआधी आत हात घालून बघा. मी हे सगळं इतक्या वेळा ऐकलंय की एखाद्या दिवशी ह्यांचा घसा बसला तर व्याख्यान मी देईन, आणि टाळ्याही चुकवणार नाही.

आणि घरी आले की हे महाशय बूट दारात काढायचे, मोजे बुटात कोंबायचे आणि अनवाणी थेट माझ्या शिवणाच्या खोलीत यायचे, आज टाळ्या किती झाल्या ते सांगायला.

मी शिवणाचं काम करते. नवे कपडे नाही, दुरुस्ती. लोक जाड होतात, बारीक होतात, पँटची चेन जाते, कोटाचं अस्तर उसवतं, आणि माझं मशीन चालू राहतं. मंडळाचं वार्षिक अधिवेशन जवळ आलं होतं म्हणून त्याचा कापडी फलक मी शिवत होते, फुकट, कारण अध्यक्षांची बायको. फलकाच्या चार पदरी कडेवर सुई मोडली. अर्धी हाती लागली, अर्धी लागेना. लोहचुंबक फिरवला, गुडघे टेकून फरशी चाचपली, मग म्हटलं, गेली असेल मशीनच्या पोटात, आणि नवी सुई लावून पुढे शिवत राहिले.

बाराव्या दिवशी घरात वास यायला लागला. मला वाटलं कपाटामागे उंदीर मेला. कपाट हलवलं, फ्रिज हलवला, पलंग ओढला. हे मधोमध उभे राहून सूचना देत होते. "डावीकडून लाव जोर. अगं, खालून नाही, वरून." उंदीर कुठेच नव्हता. पण फ्रिजजवळच्या फरशीवर ओले ठसे दिसले, एका आड एक, फक्त उजव्या पायाचे.

"अहो, पाय दाखवा."

"कशाला? मला काही होत नाहीये."

"तळवा दाखवा म्हणते ना!"

आदर्श मधुमेही सोफ्यावर बसले आणि पाय गुडघ्यावर घ्यायचा प्रयत्न केला. पोट आड आलं. शेवटी मीच खाली बसले आणि पाय हातात धरला. दुसरं बोट काळंनिळं पडलं होतं आणि त्याच्या मुळाशी, तळव्यावर, शर्टाच्या काजाएवढं भोक होतं. त्यातून जे येत होतं त्याचं वर्णन नको. मला रडू आलं, आणि रडतारडता ह्यांना दोन धपाटे घालावेसेही वाटले.

हे काय बोलले असतील? म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. अधिवेशन दीड महिन्यावर आलंय."

मोठ्या दवाखान्यातले ज्येष्ठ सर्जन फार कमी बोलणारे निघाले. त्यांनी पाय पाहिला, खिशातलं पेन काढलं आणि गुडघ्याच्या खाली चार बोटांवर एक आडवी रेघ ओढली. मी पँटची उंची कमी करताना खडूनं ओढते, अगदी तशीच. "इथून काढू या. उद्या सकाळी," एवढंच म्हणाले आणि पुढच्या रुग्णाकडे गेले. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. गेल्या नऊ वर्षांत मी त्यांना प्रथमच गप्प पाहिलं.

आमची थोरली लेक बापासारखीच हट्टी आहे, फक्त तिचा हट्ट उपयोगी पडतो. तिनं सगळे कागद आणि एक्स-रे पिशवीत घातले आणि दुपारी आम्हाला एका लहान दवाखान्यात नेलं. तिथे हाडांची एक डॉक्टरीणबाई होती. वय थोरलीएवढंच, केस घट्ट बांधलेले, बोलणं सरळ. तिनं एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "काका, हे काय आहे?"

पायाच्या हाडांमध्ये एक बारीक, सरळ, पांढरी रेघ दिसत होती. मी ती बघताक्षणी ओळखली. जाड कापडाची, सोळा नंबरची, माझ्या मशीनची सुई.

"खिळा असेल," हे पटकन म्हणाले. "जागृती फेरीच्या वेळी रस्त्यावर पायात गेला असणार. समाजकार्यात असं व्हायचंच."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगायचं तर मलाही खिळा सोयीचा होता.

डॉक्टरीणबाईनं ह्यांना टेबलावर आडवं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. तिच्या हातात तोच नायलॉनचा तंतू. ह्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. ही तर घरची परीक्षा.

"लागलं?"

"लागलं."

"आता?"

"लागलं."

चौथ्या वेळेपर्यंत सगळं बरोबर. मला हायसं वाटलं. मग डॉक्टरीणबाईनं तंतू बाजूला ठेवला आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"लागलं," हे म्हणाले. दोन सेकंद गेले. "लागलं." आणखी दोन सेकंद. "हेही लागलं."

नऊ वर्षं दर दोन सेकंदांनी एक टोचा, असा ह्यांचा हात बसलेला. जिभेलाही तोच ठेका लागलेला होता. थोरलीनं माझा हात गच्च धरला. मी हसले नाही.

"काका, डोळे उघडा."

ह्यांनी तिचे खिशातले हात पाहिले. मग म्हणाले, "मध्येच थांबणं पद्धतीत बसत नाही."

"जंतूंनाही पद्धत माहीत नसते," ती म्हणाली आणि स्टूल ओढून आमच्यासमोर बसली. "ऐका. पू हाडात शिरलाय. गोळ्या, इंजेक्शनं रक्तातून जातात, पण सडलेल्या भागापर्यंत रक्तच नीट पोचत नाही. ज्या गल्लीत नळाला पाणी चढत नाही, तिथे लोक टाकी ठेवतात ना? तसंच करायचं. सडलेलं हाड काढून टाकायचं आणि त्या पोकळीत जंतू मारायचं औषध कालवलेलं सिमेंट भरायचं. हाडाचं सिमेंट, घराचं नव्हे. ते जागच्या जागी आठवडेच्या आठवडे औषध सोडत राहतं."

"म्हणजे पाय वाचेल?" मी विचारलं.

"दोन बोटं जातील. बाकीच्या पायात मोठ्या नाड्या चालू आहेत, म्हणून मी प्रयत्न करते म्हणतेय. पण एक अट आहे, काकू. सहा आठवडे हा पाय जमिनीला लावायचा नाही. एकदाही नाही. बाथरूमला जाताना नाही, दाराची बेल वाजली तरी नाही. दुसऱ्या कुणाला टेकवल्यावर दुखलं असतं, तो ओरडला असता. काकांना कळणारसुद्धा नाही. आणि टेकवत राहिले तर," तिनं ह्यांच्या नडगीवरच्या पेनाच्या रेघेवर बोट ठेवलं, "ही आहेच."

ऑपरेशन कमरेत सुई देऊन झालं, त्यामुळे हे जागे होते आणि पडद्याच्या अलीकडून सूचना देत होते, असं नंतर नर्सनं सांगितलं. भुकटी आणि एक पातळ द्रव एका भांड्यात कालवले, त्यात औषध घातलं. नखांच्या रंगासारखा उग्र वास सुटला. मळलेल्या कणकेसारखा तो गोळा काही मिनिटांत घट्ट होतो आणि घट्ट होताना चांगला तापतो, त्याआधी सगळं भरून घ्यावं लागतं. डॉक्टरीणबाई घाईत असताना ह्यांनी विचारलं म्हणे, "मिश्रणाचं प्रमाण काय धरलंत?" तिनं नर्सला ह्यांच्या कानात गाणी लावायला सांगितलं.

घरी आलो आणि समाचाराला माणसांची रीघ लागली. सिमेंट हा शब्द सगळ्यांना फार आवडला. "कुठल्या कंपनीचं?" "पाणी मारावं लागतं का हो वहिनी?" बांधकाम ठेकेदार असलेले एक सभासद पायाकडे तज्ज्ञाच्या नजरेनं बघून म्हणाले, "भेगा पडायला नकोत." ह्यांची कळी खुलली. पलंगावरूनच नवं व्याख्यान तयार झालं, 'सिमेंट आणि संयम'. त्यात रस्त्यावरच्या खिळ्याची लांबी रोज वाढत होती. पहिल्या दिवशी बोटाच्या पेराएवढा असलेला खिळा आठवड्याअखेर तंबू ठोकायच्या मापाचा झाला.

दुसऱ्या आठवड्यात उपाध्यक्ष आले. हे गृहस्थ ह्यांच्याहून चार वर्षांनी लहान, मधुमेह ह्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि सहा वर्षं उपाध्यक्ष. पायात नवेकोरे, चकचकीत, टोकाला निमुळते बूट. "मी रोज पाच मैल चालतो," हे वाक्य ते नमस्काराऐवजी वापरतात.

"वहिनी, अधिवेशनात अध्यक्ष चालत मंचावर आले पाहिजेत," ते म्हणाले. "चाकाच्या खुर्चीत आले तर लोक म्हणतील, ह्यांचंच असं, तर आपलं काय? मंडळाच्या प्रतिमेचा प्रश्न आहे. त्याच दिवशी निवडणूकही आहे." मग आवाज मऊ करून पुढे, "अर्थात नसेल जमत तर मी आहेच."

तो मऊ आवाज ह्यांना कसल्याही जंतूपेक्षा खोल लागला. त्या दिवसापासून व्याख्यान बंद झालं. हे खिडकीकडे तोंड करून पडून राहायला लागले.

तिसऱ्या आठवड्यात पट्टी बदलायला नर्स घरी आली. पाय उचलला आणि थबकली. पट्टीचा खालचा भाग राखाडी झाला होता.

"काकू, काका पाय टेकवतायत."

"अशक्य!" हे म्हणाले. "टेकवला असता तर मला कळलं नसतं का?"

खोलीत आम्ही तिघं होतो. त्यातल्या दोघींना या वाक्यातली गंमत कळली.

नर्स गेल्यावर मी जुनी पांढरी चादर काढली आणि पट्टीवरून बसतील अशा पंधरा खोळी बेतल्या. रोज सकाळी पायावर एक स्वच्छ खोळ चढवायची आणि घोट्याशी दोऱ्यानं टाके घालून बंद करायची. माझा टाका मी ओळखते, तो उसवून पुन्हा कुणी घातला तर मला लगेच कळेल. संध्याकाळी टाके कापायचे आणि खोळ उजेडात धरायची. तळवा पांढरा तर पाय अधांतरी. तळवा मळका तर आमचे हे खोटारडे. पायाला कळत नव्हतं, म्हणून मी कापडाला कामाला लावलं.

पहिल्या संध्याकाळी खोळ मळकी.

"धूळ उडून बसली असेल," हे म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी मळकी, आणि चवड्यापाशी तर घासलेली.

"कापड हलकं आहे तुझं."

माझ्या कापडाला नावं ठेवली तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. तिसऱ्या दिवशी एक कोट पोचवायला म्हणून निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. दार हळूच उघडलं. हे भिंतीला एक हात लावून स्वयंपाकघरापासून पुढच्या दाराकडे चालत येत होते. दोन्ही पायांवर. दुसरा हात वर, श्रोत्यांना अभिवादन करत. ओठांतल्या ओठांत पावलं मोजत होते, "आठ, नऊ, दहा, अकरा." मंचावर पडद्यापासून माईकपर्यंत अकरा पावलं आहेत. अकराव्या पावलाला त्यांना मी दिसले.

मी ओरडले नाही. त्यांना धरून खुर्चीवर बसवलं, पाय स्टुलावर ठेवला आणि समोर उभी राहिले.

"अहो, पाय गेलाच तर मी तुम्हाला उचलीन, धुईन, पुसीन, सगळं करीन. तोंडातून हूं की चूं काढणार नाही. पण टाळ्यांसाठी घालवलात, तर मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही. आणि तो खिळा नव्हता. माझी सुई होती. हेही गावभर सांगेन."

"सुई तुझी होती, मला माहितेय," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"एक्स-रे बघून तुझा चेहरा उतरला तेव्हापासून. म्हणून तर खिळा म्हटलं. तुला कुणी बोल लावायला नको." थोडं थांबून म्हणाले, "आणि थोडं माझ्यासाठीही. घरातल्या सुईवर बारा दिवस चालत होता, हे अध्यक्षाला शोभत नाही."

मी खाली बसले. एवढ्या वर्षांत या माणसानं माझ्यासाठी खोटं बोलल्याची ही पहिलीच वेळ, आणि त्यातही अर्धा वाटा स्वतःचा.

"खुर्चीत बसून गेलो ना," हे म्हणाले, "तर लोकांना नुसता एक आजारी माणूस दिसेल."

"मग आहातच की तुम्ही आजारी माणूस."

त्या संध्याकाळी खोळ मळकीच होती, पण त्यानंतरच्या सगळ्या पांढऱ्या निघाल्या. मी तरीही रोज उजेडात धरून बघत होते. नवऱ्यावर विश्वास आणि कापडाची तपासणी, दोन्ही एकदम चालतं. चौथ्या आठवड्यात डॉक्टरीणबाईनं एक्स-रे काढला. सिमेंट जागच्या जागी होतं, जखमेच्या कडा लाल झाल्या होत्या. "नशीब समजा," ती ह्यांना म्हणाली, "पण आता एक पाऊलही नको. हाड आत्ता कुठे शांत होतंय."

अधिवेशन पाचव्या आठवड्याच्या शेवटी, दुपारी दोन वाजता. चौघा सभासदांनी ह्यांना चाकाच्या खुर्चीसकट उचलून मंचावर ठेवलं. वर मी शिवलेला फलक होता. मी दुसऱ्या रांगेत, कडेला. उपाध्यक्ष माईकपाशी गेले आणि म्हणाले, "आणि आता, ज्यांच्या पायात लोखंडी खिळा गेला पण ज्यांचा निर्धार सिमेंटचा, ते आपले अध्यक्ष स्वतःच्या पायांवर उभे राहून दोन शब्द बोलतील!"

टाळ्या सुरू झाल्या. मग त्या तालात पडायला लागल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "उभे राहा!" आणि अख्खं सभागृह त्या तालावर म्हणायला लागलं, "उभे राहा! उभे राहा!" तीनशे माणसं, सगळी मधुमेही, सगळ्यांनी नऊ वर्षं ह्यांची व्याख्यानं ऐकलेली. ह्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर पंजे टेकले. खांदे वर उचलले गेले. मी अर्धी उठले.

खांदे खाली आले.

"माईक खाली घ्या," हे म्हणाले.

माईकचा दांडा खाली येईना. त्याचा स्क्रू गंजला होता. ठेकेदारांनी जोर लावून बघितला, ध्वनिवाल्यानं बघितला, उपाध्यक्षांनी बघितल्यासारखं केलं. टाळ्या एकेक करत बंद पडल्या. शेवटी ध्वनिवाल्यानं माईक दांड्यातून उपसून ह्यांच्या हातात दिला.

"खिळा नव्हता," हे म्हणाले. "शिवणाच्या मशीनची सुई होती. घरातच गेली. मी घरात अनवाणी फिरतो. सुई घेऊन बारा दिवस चाललो, दोन व्याख्यानं दिली, उंदीर शोधला. तुमच्यासारख्या दोन हजार जणांचे तळवे मी तपासले. स्वतःचा एकदाही नाही. घरी आरसासुद्धा नाही त्यासाठी. डॉक्टरनं हात खिशात घालून विचारलं तरी मी 'लागलं, लागलं' म्हणत होतो. दोन बोटं गेली आहेत. बाकीचा पाय राहील की नाही, दहा दिवसांनी कळेल. त्याला जमिनीवर ठेवायची मला बंदी आहे, म्हणून मी उभा राहणार नाही. एवढंच."

मी उभी राहिले आणि म्हणाले, "सुई माझी होती." कशाला म्हणाले, कोण जाणे. त्यांना एकट्याला तिथे बसलेलं बघवेना.

एकही टाळी पडली नाही. कुणीतरी खाकरलं. मग अर्ध्या तासात मतदान झालं. दोनशे बावन्न मतं उपाध्यक्षांना, ह्यांना एकोणतीस, बाकीचे चहाला गेले होते. नवे अध्यक्ष सभागृहभर फिरून अभिनंदन स्वीकारत होते आणि प्रत्येकाला सांगत होते की आपण रोज पाच मैल चालतो.

आम्ही मंचाखाली, कोपऱ्यात होतो. एक म्हातारी सभासद बाई जवळ आली. इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "दादा, जरा बघता का? मला वाकता येत नाही." तिच्या हातात तिचे बूट होते. मी चष्मा लावून खाली बसले आणि तिचा तळवा पाहिला. टाचेला भेग होती, बाकी ठीक. मान वर केली तर तिच्यामागे आणखी तिघं उभे होते, मोजे हातात घेऊन. त्यांच्यामागे आणखी सहा. तालात टाळ्या वाजवणारेही त्यात होते. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. मी बघत होते आणि हे सांगत होते, हे डॉक्टरला दाखवा, ते नुसतं धुवा, यावर फक्त तेल. व्याख्यान नाही, आवाज खाली आणणं नाही.

शेवटी नव्या अध्यक्षांच्या बायकोनं त्यांना बाहीला धरून ओढत आणलं. "बसा म्हणते ना!"

"अगं, मला काही होत नाहीये," ते म्हणाले. हे वाक्य मी ओळखत होते.

बूट निघाला. मोजा निघेना. मी त्यावर पाणी ओतलं, भिजू दिला आणि हळूहळू सोलून काढला. अंगठ्याच्या बाजूला, निमुळत्या बुटानं जिथे आवळलं होतं, तिथे हाड दिसत होतं.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"काय कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

त्यांची बायको मटकन खाली बसली. ह्यांनी डॉक्टरीणबाईला फोन लावला, दोन वाक्यं बोलले, आणि मग खुर्चीचे हात धरून शेजारच्या साध्या खुर्चीवर सरकले, उजवा पाय हवेत ठेवून. "यांना आत्ताच्या आत्ता न्या," ते ठेकेदारांना म्हणाले. "एक पाऊलही चालवायचं नाही. माझी खुर्ची घ्या."

"आणि तुम्ही?"

"मी थांबतो. खुर्ची परत पाठवा."

खुर्ची लवकर परत येणार नव्हती, हे उघड होतं. लोक पांगले. दिवे एकेक करून बंद झाले, माझा फलक कुणीतरी गुंडाळून नेला. चौकीदार खुर्च्या एकावर एक रचत होता. ह्यांच्या पायाला आधार म्हणून मी लावलेली खुर्चीही त्यानं मागितली, म्हणून मी तो पाय माझ्या मांडीवर घेतला. थोरलीला फोन केला, तिला यायला तास लागणार होता. चौकीदार किल्ल्या आणायला खाली गेला आणि आम्ही दोघंच उरलो.

अर्ध्या तासानं हे चुळबुळ करायला लागले.

"अगं, मला जायचंय."

या आजारात ते फार वेळ थांबवता येत नाही, ज्याचं त्यालाच माहीत. बाथरूम समोरच होतं, पंधरा पावलांवर, दार उघडंच. सभागृहात चिटपाखरू नव्हतं. ना टाळ्या, ना निवडणूक, ना खोळ तपासायची संध्याकाळ, कारण गडबडीत त्या दिवशी मी खोळ चढवलीच नव्हती. पंधरा पावलं टाकली असती तर त्यांच्या पायालाही कळलं नसतं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि काही बोलत नव्हते. मला बघायचंच होतं.

ह्यांनी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. पायाकडे पाहिलं. कपाळावर घाम आला होता.

"मंचावर काही भांडंबिंडं आहे का, बघ," ते म्हणाले.

मंचावर एकच गोष्ट राहिली होती. यंदाच्या आदर्श मधुमेहीसाठी मंडळानं करवून घेतलेला चषक, दोन कानांचा, चांगला हातभर उंच. गोंधळात तो द्यायचाच राहिला होता. मी तो आणला. ह्यांनी त्यावरची अक्षरं वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आणखी काही नाही?"

"नाही."

मी त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांनी वर धरला, मान दुसरीकडे वळवली, आणि अध्यक्षपद गेलेल्या माझ्या नवऱ्यानं तो चषक स्वीकारला. बराच वेळ आवाज येत राहिला. मग आम्ही दोघंही हसायला लागलो, इतकं की पाय हातातून सुटतोय की काय असं मला वाटलं. तो मी सोडला नाही.

दहा दिवसांनी सिमेंट निघालं, खालून लालभडक मांस निघालं, आणि तीन बोटांचा तो पाय राहिला. पण ते आम्हाला त्या दुपारी ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की तळवा कोरडा होता, फरशीपासून चांगला वीतभर वर होता, आणि या माणसाचा मला बऱ्याच वर्षांनी मनापासून अभिमान वाटत होता.